'कार्मेन'मधल्या हाबानेराचं रेकॉर्डिंग: लय, स्वरपट्टी आणि भाव कसा ओळखायचा?

अ‍ॅप 144 बीपीएम (मिनिटाला मात्रा) आणि 'डी मेजर' दाखवत असेल, तर दोन्ही अर्धवट आहे. फ्रेंच संगीतकार बिझेच्या 1875 च्या 'कार्मेन' या ऑपेरातलं हाबानेरा हे गाणं 2/4 मध्ये (दर आवर्तनात दोन मात्रा) आहे, लय मिनिटाला साधारण 72 मात्रा. सेलो या खर्जातल्या तंतुवाद्याच्या ठेक्यातले छोटे स्वर मोजल्यामुळे अ‍ॅप दुप्पट आकडा देतं. गायिका लय ओढते-सोडते, म्हणून गळा सोडून सेलो धरा: 16 मात्रांना 13.3 सेकंद लागले तर लय 72.

गाणं सुरू होतं डी मायनरमध्ये, म्हणजे आपली पांढरी दोन आणि कोमल गंधार. पुढे षड्ज तोच राहतो, गंधार शुद्ध होतो आणि तीच उतरती चाल डी मेजरमध्ये येते. सेलो ऐका: आधी डी-ए-एफ-ए, नंतर एफच्या जागी एफ शार्प, म्हणजे तोच शुद्ध गंधार. सगळी जादू या एका स्वरात आहे. म्हणून रेकॉर्डिंगच्या नोंदीत भाव 'उदास' लिहू नका. मोहक, बेफिकीर आणि किंचित धोक्याचा लिहा.

जुनी 78 आरपीएमची (मिनिटाला 78 फेरे) तबकडी 6 टक्के जलद वाजली तरी पट्टी अर्ध्या स्वराने चढते, तेव्हा आधी वेग तपासा.