आठव्या हिश्श्यावर ३२ लाखांचं घर

ताई,
लग्नाला चौदा वर्षं झाली. डिचोली तालुक्यात सासरचं जुनं घर आहे, मातीच्या भिंती आणि वर मंगळुरी कौलं. हे बोटीवर असतात, नऊ महिने तिकडे, तीन महिने घरी. सासरे सहा वर्षांपूर्वी गेले. घरात मी, दोन मुलं आणि सासूबाई. मोठे दीर पणजीला फ्लॅटमध्ये, दोन नणंदा साखळीला आणि पेडण्याला दिलेल्या. पावसात माजघर गळतं. संडास-न्हाणी परसात, रात्री सासूबाईंना छत्री धरून न्यावं लागतं. ह्यांनी ठरवलंय, जुनं पाडून त्याच जागी १,४०० चौरस फुटांचं घर बांधायचं. कंत्राटदार फुटाला २,३०० रुपये सांगतो. १२ लाख जमलेत, २० लाख कर्ज काढणार. दीर म्हणतात, ‘बांध रे, आपल्यात कसले कागद!’ सासूबाई एवढंच म्हणतात, ‘मी असेपर्यंत गणपती ह्याच घरात.’ पैसे ह्यांचे, मी काय बोलणार? पण झोप लागत नाही. नकाशा सोबत पाठवलाय.
— डिचोलीची सून

अगं सूनबाई,

‘पैसे ह्यांचे, मी काय बोलणार?’ हे वाक्य आधी खोडून टाक. तुमचं लग्न गोव्यात नोंदलेलं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवराबायकोची मिळकत सामाईक. बोटीवरचा पगारही त्यातच आला. १८६७च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून हे असंच चालत आलंय. त्या १२ लाखांतले सहा तुझे आहेत. तेव्हा बोल.

आता तुझी झोप का उडाली ते सांगते. कर्जामुळे उडाली असं तुला वाटतंय. मला वाटतं, ते घर नक्की कुणाचं हे तुमच्यापैकी कुणी कागदावर मांडलेलं नाही, आणि ते तुला आतून कळतंय.

मी मांडते. सासरे मृत्युपत्र न करता गेले असं धरू. तर घराचा अर्धा भाग सासूबाईंचा. तो त्यांना वारसा म्हणून मिळालेला नाही, लग्नाच्या नात्याने पहिल्यापासूनच त्यांचा आहे. उरलेला अर्धा चार मुलांत सारखा. आपल्याकडे त्यात मुलगा-मुलगी भेद नाही, साखळीच्या नणंदेला जेवढं तेवढंच तुझ्या नवऱ्याला. म्हणजे त्याच्या वाट्याला आठवा हिस्सा, आणि त्यातही निम्मी तू. त्या आठव्या हिश्श्यावर तुम्ही ३२ लाख घालायला निघालात, तेही ज्या बाईचं अर्धं घर आहे तिचं घर पाडून! त्या ‘एवढंच म्हणतात’ असं तू लिहितेस, जणू ती काही बोललीच नाही. ती बोलली आहे. गणपतीचं नाव पुढे करून बोलली आहे, कारण तिला तेवढंच ऐकलं जाईल असं वाटतं.

दीर खोटं बोलत नाहीत. आज त्यांच्या मनात तसं काही नाही, हे मी मानते. पण त्यांनाही मुलं आहेत, नणंदांना यजमान आहेत, आणि जमिनीचे भाव कुठे गेलेत ते तू रोज ऐकतेस. उद्या वाटणीची वेळ आली की जागा सगळ्यांची आणि त्यावरचं घर एकाच्या पैशाचं, हा गुंता कोर्टात सोडवावा लागतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात सख्खे भाऊ अजून एकमेकांच्या चतुर्थीला जात नाहीत, आणि तिथे सुरुवात ‘आपल्यात कसले कागद’ ह्याच वाक्याने झाली होती.

म्हणून पहिलं काम एक-चौदाचा, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे तो सरकारी उतारा काढ. त्यावर अजून सासऱ्यांचं, कदाचित आजेसासऱ्यांचंच नाव असेल. कुळाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे का तेही बघ, ते असलं तर प्रकरण निराळं. मग जागा कोणत्या वापराच्या पट्ट्यात येते ते सांगणारा झोनिंगचा दाखला नगरनियोजन खात्यातून. जुनं घर उभं आहे म्हणजे सगळी जागा सेटलमेंटमध्येच, म्हणजे वस्तीच्या पट्ट्यातच आहे असं धरू नकोस, परसातलं भाट ऑर्चर्डमध्ये, म्हणजे बागायतीत निघालेलं मी पाहिलंय. सनद, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा कागद, झाली आहे का ते विचार. मग वारसांची नोंद: सगळे एकमताने असतील तर नोटरीपुढे वारसाचं डीड होतं, नसतील तर इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वाटणी. त्यानंतर ती जागा तुमच्या नावावर करायची तर भावंडांच्या सह्या लागतील, त्यांच्या नवऱ्या-बायकांच्याही. हे सगळं एका चांगल्या वकिलाकडून करून घे. मी वकील नाही, चार घरांचे तंटे जवळून पाहिलेली बाई आहे.

बँकही हेच विचारेल. सामाईक, वाटणी न झालेल्या जागेवर गृहकर्जाला बँका सहज उभ्या राहत नाहीत. समजा, मिळालंच. २० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर महिन्याला १७,३५६ रुपये हप्ता, आणि शेवटी भरलेले होतात साडेएकेचाळीस लाखांहून जास्त. हे महिने मोजताना एक लक्षात घे, तो घरी असतो त्या तीन महिन्यांत पगार नसेल, तरी हप्ता चुकत नाही. आणि पुढचं कंत्राट लांबलं तर?

२,३०० रुपयांचा दरही उलगडून घे. त्यात काय नाही, हे कंत्राटदाराला लेखी विचार. माझ्या वेळी सेप्टिक टँक, कुंपणाची भिंत, वीजजोडणी, विहिरीवरचा पंप, पायऱ्या, स्वयंपाकघरातले ओटे-कपाटं, सगळं ‘ते वेगळं हो बाय’ निघालं. जागा उतरणीची असल्याने जोतं उंच करावं लागलं, तिथेच चिऱ्यांची एक आख्खी गाडी जिरली. पाडकामाचा मलबा उचलायचे पैसे निराळे. नदीतली रेती काढण्यावर निर्बंध आल्यापासून रेती हाही भरवशाचा विषय राहिलेला नाही. एकच दिलासा, सप्टेंबर २०२५पासून सिमेंटवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आलाय. पण तेवढ्यावर घर होत नाही. मी तरी सांगितलेल्या आकड्यात पाचवा हिस्सा वाढवूनच विचार करीन.

आता जुन्या घराकडे ये. तू लिहिलेल्या दोन्ही तक्रारी नीट वाच: माजघर गळतं आणि न्हाणी बाहेर आहे. ह्या दोन गोष्टींसाठी घर पाडावं लागत नाही. एखाद्या जाणत्या सुताराला वर चढवून वासे टोचून बघायला सांग. वाळवी कुठवर गेली आहे ते कळेल. वासे-रिपा बदलून कौलं पुन्हा बसवली की मातीची भिंत आणखी बरीच वर्षं चालते, फक्त तिच्यात पाणी शिरता कामा नये. आणि आतून जोडलेली संडास-न्हाणी ह्याच कोरड्या दिवसांत करून टाका, ऑक्टोबर ते मे एवढाच आपला बांधकामाचा काळ. दुरुस्तीलाही पंचायतीचा कागद घ्या. दोन्हींचा अंदाज लेखी मागव आणि ३२ लाखांशेजारी ठेव. भिंतीच कोसळायला आल्या असतील तर पाडणं भाग आहे, पण तो निकाल ज्याला काम मिळणार त्या कंत्राटदाराकडून नको. तटस्थ इंजिनिअर बोलव.

नवऱ्याशी भांडू नकोस. बोटीवर नऊ महिने काढणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे घराचं चित्र असतं, तेवढ्यावर तो दिवस ढकलतो. त्याला ‘नको’ म्हणू नकोस, ‘आधी सह्या’ म्हण. चतुर्थीला सगळी भावंडं घरी येतील, गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला हात लागतातच. विसर्जन झाल्यावर, आरतीच्या गर्दीत नव्हे, उतारा सगळ्यांपुढे ठेवा. पण त्याच्या आधी तू एकटी सासूबाईंजवळ बस. ‘आई, तुम्हाला काय हवंय?’ एवढंच विचार, आणि मध्ये बोलू नकोस.

नकाशा पाहिला. दोन गोष्टी. सपाट स्लॅब काढलाय, आणि आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आपल्या गावांतली सपाट स्लॅबची घरं बघ, चार पावसाळ्यांत गळू लागतात आणि मग वर पत्रे चढतात. माझ्याही घरावर आहेत. पहिल्यापासून उतरतं छप्पर धरा. आणि स्वयंपाकघराची मोठी खिडकी नैऋत्येला आहे. आषाढातली झड सरळ शेगडीवर येईल. ती उत्तरेला घ्यायला सांग.