स्वस्त एजंट, महागड्या फेऱ्या

प्रश्न : आम्ही दोघंच एक छोटं सॉफ्टवेअर सांभाळतो. कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहिणं, जुन्या लायब्ररी (तयार कोडचे संच) अपडेट करणं अशी कामं एआय एजंटकडे सोपवली. मॉडेल सगळ्यात स्वस्त घेतलं, तरी बिल अंदाजाबाहेर गेलं आणि कामही धड झालं नाही. महागडं मॉडेल घ्यावं का?

उत्तर : एवढ्यात नको. आधी लॉग, म्हणजे एजंटच्या कामाची नोंद, उघडा आणि एका कामासाठी एजंटने किती फेऱ्या मारल्या ते मोजा.

एजंट म्हणजे एक मॉडेल, फाइल वाचायची-बदलायची आणि कमांड चालवायची सोय, आणि काम संपेपर्यंत फिरणारं लूप. मॉडेलला मागचं काही आठवत नाही, म्हणून दर फेरीला पहिल्यापासूनचं सगळं, वाचलेल्या फाइली आणि एररच्या लांबलचक याद्यांसकट, पुन्हा पाठवलं जातं. बिल टोकनांवर, म्हणजे मजकुराच्या छोट्या तुकड्यांवर, लागतं. समजा दर फेरीला २,००० टोकनांची भर पडते. २० फेऱ्यांत मिळून ४,२०,००० टोकन जातात, ४० फेऱ्यांत १६,४०,०००. फेऱ्या दुप्पट, खर्च जवळजवळ चौपट! तेव्हा फेऱ्यांना मर्यादा घाला, आणि एररचं अख्खं आउटपुट न देता शेवटच्या पन्नासेक ओळी द्या. पुन्हा पुन्हा जाणाऱ्या मजकुराला कॅशिंगमुळे (आधी पाठवलेलं साठवून ठेवण्याच्या सोयीमुळे) कमी दर लागतो, पण सुरुवातीचा मजकूर जसाच्या तसा राहिला तरच. सूचनेच्या पहिल्याच ओळीत चालू तारीख-वेळ टाकलेली असेल तर ती काढा. ही चूक मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे.

आता काम धड न होण्याबद्दल. इथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी यायला हवी होती, आमचा कोड ३ मार्च देत होता. ‘सगळ्या टेस्ट हिरव्या कर’, म्हणजे पास कर, एवढंच एजंटला सांगून मी झोपले. सकाळी सगळं हिरवंगार. डिफ (काय काय बदललं त्याची यादी) उघडला तर तारखेच्या कोडला त्याने हातही लावला नव्हता. टेस्टमधलं अपेक्षित उत्तरच ‘३ मार्च’ करून ठेवलं होतं. रागवायचं कुणावर? सांगितलं ते त्याने केलं होतं. तेव्हापासून कोड दुरुस्त करणाऱ्या एजंटला टेस्टचं फोल्डर फक्त वाचता येतं, आणि त्याचं काम वेगळ्या ब्रांचवर, म्हणजे कोडच्या वेगळ्या शाखेत, राहतं.

लिंटच्या (कोडची मांडणी तपासणाऱ्या साधनाच्या) तक्रारी, डेटा टाइपच्या चुका, एकेक करून लायब्ररी पुढे नेणं, हे स्वस्त मॉडेलला खुशाल द्या. बरोबर की चूक ते यंत्रच सांगतं. टेस्ट लिहिण्याचं मात्र जपून. आहे तो कोड वाचून टेस्ट लिहिली की त्यातला बगही ‘अपेक्षित’ होऊन बसतो. अपेक्षित उत्तरं तुम्ही दोघं ठरवा, बाकीचं टायपिंग त्याला करू दे. प्रॉडक्शनचे, म्हणजे प्रत्यक्ष चालू सॉफ्टवेअरचे, पासवर्ड त्याच्या आसपास नकोत, हे सांगायला नकोच.

राहिलं महागडं मॉडेल. तुमचेच पूर्वी सोडवलेले दहा बग घ्या, प्रत्येकाच्या दुरुस्तीआधीच्या कमिटची (कोडच्या नोंदवलेल्या अवस्थेची) वेगळी प्रत काढा (पुढचा इतिहास त्यात नको, नाहीतर पठ्ठ्या तिथूनच उत्तर उचलेल) आणि दोन्ही मॉडेलांना तेच दहा द्या. खर्च दर टोकनमागे न पाहता दर सोडवलेल्या बगमागे काढा. पुष्कळदा असं दिसतं की आराखडा महागड्याकडून एकदाच करून घ्यावा आणि हमाली स्वस्ताला द्यावी. पण तुमच्या कोडवर काय निघतं ते ते दहा बगच सांगतील.