ताल सुटत नाही, पण गाणं सापडत नाही

प्रश्न : मी ४६ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून मी आणि बायको पुण्यात टँगो हा जोडीनं करायचा नाच शिकतोय. ओचो, खीरो, साकादा या त्यातल्या चाली, सगळं बसलंय. पण ती म्हणते, 'गाणं कुठलंही लागो, तू एकसारखाच नाचतोस.' कॉलेजात मी तबला शिकलोय, ताल सुटत नाही. मग चुकतंय काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : वहिनींनी अगदी नेमकं ओळखलंय. ठेका तुम्ही चोख धरताय, पण गाणारा काय गातोय तिकडे तुमचं लक्ष नाही.

महिनाभर ओचो-खीरो बंद. नुसतं चाला, तेही कार्लोस दी सार्ली या टँगो-संगीतकाराच्या वाद्यवृंदावर. त्याचं 'बाईआ ब्लांका' लावा. ते त्याच्या जन्मगावाचं नाव. ही चाल त्याचीच, आणि पियानोवरही तोच बसायचा.

आता पाय बघा. ठोका ऐकू आला की पाऊल उचलायचं, ही सवय जवळपास सगळ्यांना असते. मग पाऊल टेकेपर्यंत ठोका निघून जातो. ठोका पडेल त्या क्षणी वजन नव्या पायावर पूर्ण पोचलेलं हवं, म्हणजे निघायचं आधीच. समेवर थाप पडायची तर हात समेआधी उचलावा लागतो, तसंच हे. ब्युनोस आयर्सला माझ्या शिक्षिकेनं मला पहिले तीन दिवस फक्त चालवलं. प्रत्येक पावलाला थांबवून ती मागचा पाय उचलायला सांगायची. शरीर जरा डुललं, की वजन मध्येच अडकलंय. तिसऱ्या दिवशी दुपारी कुठे माझा पाय न डुलता सुटला. तुम्ही घरी पॅसेजमध्ये सॉक्स घालून हेच करा, रोज दहा मिनिटं.

ते जमलं की थांबायला शिका. दी सार्लीची व्हायोलिनं एक ओळ पूर्ण करतात आणि पियानो खालच्या सुरांत छोटीशी जागा घेतो. त्या जागेत पाऊल टाकू नका, बायकोला जवळ धरून उभे राहा. मला टँगोमध्ये सगळ्यात आवडतं ते हेच उभं राहणं.

नंतर ह्वान दारिएन्सोचा वाद्यवृंद घ्या. तो टोकदार वाजवतो, तिथे पावलं आखूड ठेवा. दुगुन, म्हणजे दुप्पट गतीची पावलं, मात्र गाण्यात येईल तेव्हाच. ओस्वाल्दो पुग्लिएसेच्या वाद्यवृंदाची इतक्यात घाई नको, तो लय ताणतो. सराव तांद्याप्रमाणे करा, म्हणजे एकाच वाद्यवृंदाची तीन-चार गाणी सलग. मिलोंगात, म्हणजे टँगो नाचायला लोक जमतात तिथे, असंच वाजतं, आणि तिथली जाणती माणसं पहिले सूर ऐकून मगच कुणाबरोबर नाचायचं ते ठरवतात.

आणि थांबताना 'थांबतोय' असं तोंडानं सांगू नका. वहिनींना ते तुमच्या छातीवरून कळायला हवं. नाही कळलं, तर वजन अजून दोन्ही पायांवर आहे. परत पॅसेजमध्ये जा.