मेसेज दुसऱ्याचा, भीती ॲडमिनला

प्रश्न (संक्षिप्त) : मी ६७ वर्षांचा निवृत्त गृहस्थ, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन. पार्किंगच्या वादातून एका मेंबरने रात्री एका बाईंबद्दल अश्लील मजकूर टाकला. मी झोपलो होतो, बाकी कोणी बोललं नाही. सकाळी त्या म्हणाल्या, ‘ॲडमिनलाही सोडणार नाही.’ मला अटक होईल का? ग्रुपच डिलीट करू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ग्रुप डिलीट करू नका. तो मेसेज पुरावा आहे. उद्या तो गायब झाला, तर तुम्ही कुणाला तरी पाठीशी घातलंत असा अर्थ निघेल.

अटकेचं म्हणाल, तर गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनवर असाच गुन्हा दाखल झाला होता. मेंबरला ग्रुपमधून काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, हा त्याच्यावरचा आरोप. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. दोघांचा समान हेतू किंवा आधीचं संगनमत दिसत नसेल, तर मेंबरच्या मजकुराबद्दल ॲडमिनला गुन्हेगार ठरवता येत नाही.

तरी या निकालावर निर्धास्त राहू नका. मेंबर घेणं-काढणं याहून ॲडमिनच्या हातात फारसं काही नसतं, हा तेव्हाचा एक मुख्य मुद्दा होता. आता ॲडमिनला इतरांचे मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करता येतात. त्यामुळे कळल्यावर तुम्ही काय केलंत, हा प्रश्न येऊ शकतो.

तुमच्या पत्रात स्वतःच्या काळजीची दोन पानं आहेत आणि त्या बाईंबद्दल दोन ओळी. मला हे खटकलं. रात्रभर तो मजकूर शेजाऱ्यांनी वाचला आणि सगळे गप्प राहिले. त्या बाईंचा राग या गप्प बसण्यावरही आहे. आज पत्नीला घेऊन त्यांच्या घरी जा. तक्रार करायची की नाही हे त्याच ठरवतील, तुम्ही मिटवामिटवी सुचवू नका. नंबर, तारीख, वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट दोघांनीही घ्या आणि फोन रीसेट करू नका, कारण कोर्टात असा डिजिटल पुरावा द्यायला साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुरावा कायद्याच्या, कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. तुम्ही मेसेज डिलीट केलात तर त्यांच्या फोनमधूनही जाईल, म्हणून पोलीस नोंद घेईपर्यंत थांबा. तोवर त्या मेंबरला काढा, ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर ठेवा आणि हा मजकूर निषेधार्ह आहे असं आपल्या नावाने लिहा.

मेसेज टाकणाऱ्याला भारतीय न्याय संहितेची कलमं ७५ (लैंगिक छळ) व ७९ (स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान) आणि आयटी कायद्याचं कलम ६७ (ऑनलाइन अश्लील मजकूर) लागू शकतं. पोलिसांना तुमचा साक्षीदार म्हणून जबाब हवा असेल, तर साठीपुढच्या माणसाला त्यासाठी ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७९ नुसार, तुम्ही स्वतःहून ठाण्यात जायला तयार नसाल तर तो घरीच घ्यावा लागतो. तो जबाब मात्र टाळू नका. त्या बाईंना तुमच्या साक्षीची गरज आहे.