धावडा आणि धायटी: नावं जवळची, झाडं लांबची

प्रश्न असा आहे: काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या पुडीवर हिंदीत 'धवई के फूल' लिहिलंय, म्हणजे ही आपल्या धावड्याची फुलं का?

नाही. हिंदीतली धवई किंवा धाय म्हणजे आपली धायटी. दोन्ही नावांत 'धा' ऐकू येतो एवढंच. मुळं वेगळी आहेत. संस्कृत 'धातकी'तले त आणि क प्राकृतात झिजले, 'धाई' उरली, तिचीच ही धाय आणि धायटी. धावडा आला 'धव' या शब्दावरून. त्याला मराठीनं 'डा' जोडला, आतड्याला जोडला तसा. साल पांढुरकी म्हणून 'धवल'शी नातं लावायचा मोह होतो, पण झाडाचं नाव म्हणून 'धव' थेट अथर्ववेदात सापडतो. (संस्कृतात 'धव' म्हणजे नवराही. तो मात्र 'विधवा' फोडून मागाहून काढलेला शब्द, झाडाशी त्याचा संबंध नाही.)

कूळही वेगळं. धावडा हिरडा, बेहडा, ऐन यांच्या घरातला. धायटी मेंदी, डाळिंब आणि तामणाची बहीण.

आमचे आबाजी सांगत, "धावड्याले मान वर करून पाहा लागते, धायटीले वाकून." परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना दोन्ही दिसतात. धावडा उंच, गुळगुळीत सालीचे पापुद्रे सुटणारा, हिवाळ्यात पानं तांबूस करणारा. लाकूड चिवट, म्हणून कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा. बाळंतिणीच्या लाडवांत जातो तो डिंकही याचाच. फुलं मात्र बारीक, हिरवट-पिवळी, गोल गेंदात. पाकळ्याच नसतात, त्यामुळे ती कोणी खुडून विकत नाही.

धायटी उतारावरचं झुडूप. उन्हाळा लागता लागता फांदीभर लालभडक नळ्या. लहानपणी आम्ही त्या तोडून देठाकडून मध चोखायचो. ओठाला गोडवा लागायचा आणि बोटांना रंग. याच फुलांमुळे आसव-अरिष्टं ही आयुर्वेदातली पातळ औषधं आंबतात, म्हणून वैद्याला ती हवी असतात.

तर पुडी उघडून पाहा. गव्हापेक्षा लांब, किंचित वाकडी, तांबूस नळी दिसली, तोंडाशी दाते असले, की धायटीच समजा.