कामावर नेता ती सायकल दाखवा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात या सदरात एवढंच लिहिलं होतं की सोलापुरात जे सायकलवर कामाला जातात त्यांनी आपल्या सायकलचा फोटो पाठवा आणि काही अडत असेल तर तेही विचारा. फोटो बघून खरंच लई बरं वाटलं. बहुतेक सगळ्या वापरातल्या सायकली, कॅरिअरला डबा बांधलेला, दांडीला जुनं फडकं गुंडाळलेलं, मडगार्डवर काळ्या मातीचे शिंतोडे. सायकल मिरवायची तर अशीच मिरवावी असं माझं मत आहे, ती रोज काय ओढते आणि कुठून कुठे नेते ते दाखवून. त्यामुळे उत्तरं देताना एकच बघितलंय, की उद्या सकाळी ही सायकल तुम्हाला कामावर वेळेत आणि विनात्रास पोचवेल का.

प्रश्न: माझी काळी डबल बारची 28 इंची सायकल आहे, वडिलांनी घेतलेली. अशोक चौकातून अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जातो. पोरगं म्हणतंय गेअरची घ्या, कामावरची पोरं पण हसायलेत. सायकल मजबूत आहे पण येताना दमायला होतं आणि पायडल मारताना खालून कट्‌ कट्‌ आवाज येतोय. बदलू का?
(अशोक चौक)

काका, बदलू नका. तुमचा फोटो मी दोनदा झूम करून बघितला. चेनला पूर्ण कव्हर, दोन्ही चाकांना लांब मडगार्ड, वजन पेलणारं कॅरिअर आणि चाकाखाली येणारा मोठा स्टँड, कामावर जाणाऱ्या माणसाला जे जे लागतं ते सगळं हिला कंपनीतूनच बसवून आलंय. आज नवीन गेअरची सायकल घेतली तर यातली निम्मी वस्तू वेगळे पैसे देऊन बसवावी लागते, आणि काही फ्रेमला तर कॅरिअर अडकवायला भोकंच नसतात. मोठं चाक आणि जाड टायर असल्यामुळे खड्डा पण कमी जाणवतो.

आता आवाजाचं. पायडल एक फेरा मारला की एकदा कट्‌ होत असेल तर पहिला संशय कॉटर पिनवर. पायडलचा दांडा आतल्या अ‍ॅक्सलला जी पाचर पकडून ठेवते ना ती. ती ढिली झाली की आवाज येतो, आणि तशीच चालवत राहिलात की पिन झिजून दांडा डुगडुगायला लागतो, मग खर्च वाढतो. मिस्त्रीला नवीन पिन नीट घासून बसवायला सांगा, नुसती जुनी ठोकून देतात ती चार दिवसांत परत ढिली होते. पिन बदलूनही आवाज राहिला तर आतल्या बेअरिंगचे छर्रे आणि ते ज्यात फिरतात ते कप बघायला सांगा.

दमायला होण्याचं कारण बहुतेक फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकतीत आहे. मागच्या फ्रीव्हीलचे दात मोजा. पुढच्या चकतीला 48 आणि मागे 18 दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 6 मीटर जाते, आठ तास उभं राहून काम केल्यावर संध्याकाळी समोरून वारा असेल तर हे जड जाणारच. मागे 20 दातांचं फ्रीव्हील टाकलं की तोच फेरा 5.4 मीटरच्या आसपास येतो, म्हणजे पाय जरा जास्त फिरवावे लागतात पण गुडघ्यावर जोर कमी येतो. बहुतेक वेळा चाक थोडं पुढे सरकवलं की जुनीच चेन पुरते, पण चेन झिजून लांबली असेल तर तीही सोबतच बदला, नाहीतर नव्या दातांवरून ती उड्या मारते. या सगळ्याचा खर्च नव्या सायकलच्या मानाने काहीच नाही.

एकाच गोष्टीत ही सायकल कमी पडते, पावसात. लोखंडी रिम ओली झाली की सळईचे ब्रेक लगेच धरत नाहीत, आधी रबर पाणी पुसतं आणि मग पकड येते. पाऊस असला की चौकाच्या बऱ्याच आधीपासून हलका ब्रेक लावत या आणि झिजलेले रबर पावसाळ्याच्या तोंडावर बदलून घ्या. पोरगा हसत असेल तर एक दिवस त्याला कॅरिअरवर तांदळाचं पोतं टाकून ही सायकल चालवायला द्या, मग त्याच्या गेअरच्या सायकलवर तेच पोतं कुठे ठेवणार ते विचारा.

प्रश्न: मी जुळे सोलापूरहून सात रस्त्याला ऑफिसला जातो. दोन वर्षांपूर्वी शॉकअपवाली 21 गेअरची सायकल घेतली, दिसायला एक नंबर, पण डांबरी रस्त्यावर लई जड जाते. शेजारचे काका साध्या सायकलवर माझ्या पुढे जातात.
(जुळे सोलापूर)

भावा, सायकलमध्ये दोष नाही, ती डोंगरातल्या वाटेसाठी बनवलेली आहे आणि तू तिला विजापूर रोडवर चालवतोयस. टायरला जे मोठे दात आहेत ते मातीत रुतून पकड घेण्यासाठी असतात, डांबरावर ते प्रत्येक फेऱ्याला दबतात, वाकतात आणि तुझा जोर खातात. गुळगुळीत नक्षीचे, थोडे कमी रुंद टायर टाक, 26 बाय 1.5 चालतील, आणि हवा टायरच्या बाजूला जेवढी लिहिलीय त्या हद्दीत वरच्या बाजूला ठेव. एवढ्यानेच फरक कळेल.

टायर घेताना मात्र फक्त 26 इंच म्हणून मागू नकोस, इथेच लोक फसतात. तुझ्या सायकलच्या टायरवर बारीक अक्षरात शेवटी 559 असा आकडा असेल, तो रिमचा मिलिमीटरमधला माप आहे. साध्या लेडीज सायकलचं 26 बाय 1⅜ चं टायर पण 26 च म्हणून मिळतं पण त्याचा आकडा 590, ते तुझ्या रिमवर कधीच बसणार नाही. जुन्या 28 इंचीचा 635 आणि हल्लीच्या 700 सी वाल्यांचा, म्हणजे रोड बाईकसारख्या सायकलींचा, 622. हा आकडा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेव, दुकानात तोच दाखव.

दुसरं म्हणजे सीट. फोटोत सीट एवढी खाली आहे की गुडघे हँडलला लागत असतील. सीटवर बसून टाच पायडलवर ठेव, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात हलका बाक राहतो, तीच बरोबर उंची. थांबल्यावर दोन्ही पाय सपाट टेकत नाहीत म्हणून लोक घाबरतात, पण सिग्नलला एक पाय टेकला की झालं. आणि आपल्या शहरात चढ फारसे नाहीत त्यामुळे पुढे मधली चकती ठेवून फक्त मागचे गेअर बदलत गेलास तरी रोजचं काम भागतं. पुढची मोठी आणि मागची पण मोठी अशी तिरकी चेन ठेवून चालवू नकोस, चेन आणि दात दोन्ही लवकर जातात.

प्रश्न: मी शिक्षिका आहे, शाळेत लेडीज सायकलवर जाते, गुलाबी रंगाची, फोटो पाठवलाय! कधी साडी कधी ड्रेस असतो. ओढणी दोनदा चाकात गेली. पुढच्या बास्केटमध्ये वह्यांचे गठ्ठे ठेवले की हँडल एका बाजूला ओढतं. आणि पालक विचारतात, मॅडम गाडी नाही का?
(विजापूर रोड)

ताई, सायकल मस्त आहे आणि घंटीवरचं फूल तर फारच छान. ओढणीचं आधी करा कारण ते धोक्याचं आहे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना मडगार्डपासून खाली जाळी बसवून मिळते, लेडीज सायकलला पूर्वी ती असायचीच, आता मागून घ्यावी लागते. जुन्या सायकल दुकानदाराला सांगितलंत तर तो करून देईल. सोबत चेनला पूर्ण कव्हर हवं, अर्ध्या पट्टीच्या कव्हरने साडीची किनार वाचत नाही. तोपर्यंत ओढणी मागे गाठ मारून, पदर कमरेला खोचून.

वह्या मागे न्या. बास्केट हँडलला जोडलेली असते त्यामुळे तिच्यातलं वजन हँडलसोबत वळतं, वळणावर ते आणखी बाहेर ओढतं. बास्केटमध्ये पर्स, पाण्याची बाटली एवढंच ठेवा आणि गठ्ठा कॅरिअरवर रबरी पट्ट्याने आडवा बांधा, जमलं तर कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या घ्या, वजन जेवढं खाली तेवढी सायकल स्थिर.

पालकांचं काय, ज्या शाळेतली निम्मी पोरं सायकलवर येतात तिथे मॅडम पण सायकलवर येतात हे पोरांना दिसतंय, मला तरी ही फार मोठी गोष्ट वाटते.

प्रश्न: रोज पंक्चर! रस्त्याकडेला सायकल घेतली की सराटा ठरलेला.
(देगाव)

सराट्याला आपल्याकडे तोड नाही, कोरडी जमीन आणि रस्त्याच्या कडेची माती त्याला मानवते, वर वेड्या बाभळीचे काटे वेगळेच. तीन गोष्टी करा. कडेच्या मातीत उतरू नका, डांबराच्या आतच राहा. टायर झिजून गुळगुळीत झाला असेल तर बदला, पातळ रबरात काटा सहज शिरतो. आणि पंक्चर काढल्यावर ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून फडकं सगळीकडे फिरवा, जिथे फडकं अडकलं तिथे काटा अजून आहे. रोज पंक्चर म्हणजे बऱ्याचदा तो एकच मोडका काटा रोज नवीन भोक पाडत असतो. ट्यूब आणि टायरच्या मध्ये टाकायची जाड पट्टी पण मिळते, सायकल थोडी जड होते पण तुमच्या रस्त्याला मी ती टाकली असती.

प्रश्न: माझी रोड बाईक आहे, 700 बाय 25 चे टायर. आठवड्यातून तीनेक दिवस शहरातून चिंचोळी एमआयडीसीला जातो. पावसाळ्यात जाताना जीव जातो आणि येताना उडत येतो, असं का? उन्हाळ्यात कसं करावं?
(रेल्वे लाईन्स)

साहेब, सायकल देखणी आहे आणि पुणे रोडने कामावर जायला वापरताय याचं जास्त कौतुक. कारण वारा. जून ते ऑगस्ट आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि चिंचोळी शहराच्या वायव्येला, म्हणजे सकाळी तुम्ही त्याच्या तोंडावर जाता आणि संध्याकाळी तो पाठीत असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, समोरचा वारा आणि तुमचा वेग मिळून दुप्पट झालं की विरोध चौपट. तेव्हा त्या दिवसांत सकाळी वेगाचा हट्ट सोडा, हलका गेअर, हात खालच्या हँडलवर, आणि थोडं लवकर निघा.

टायर 28 मिलिमीटर रुंदीचे टाका, फ्रेममध्ये जागा असेल तर 32 चे. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात, डोळ्याला दिसत नाहीत आणि पातळ टायरमध्ये सुईसारख्या घुसतात. केगावच्या पुढे मध्येच अडकलात तर पंक्चरवाला सापडेलच असं नाही, त्यामुळे एक ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर आणि छोटा पंप सीटखाली कायम हवा.

उन्हाळ्यात पारा 42, 43 पर्यंत जातो हे तुम्हाला माहीतच आहे. सकाळी साडेसातच्या आत पोचायचं आणि संध्याकाळी ऊन उतरल्याशिवाय निघायचं नाही, दुसरा मार्ग नाही. पाण्यात मीठ-साखर घाला, नुसतं पाणी पिऊन भागत नाही. सायकल उन्हात उभी करू नका, 25 अंशाला भरलेली 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा टायर 55 अंशाला तापल्यावर सात-आठ पीएसआयने वाढते. धडधाकट टायरला त्याने काही होत नाही, पण बाजूने तडे गेलेला असेल किंवा ट्यूब कडेखाली चिमटली असेल तर उभ्या उभ्या फुटते. अंधारात हायवे असेल तर मागचा लाल दिवा सोबत दोन ठेवा, एक बंद पडला तर दुसरा.

प्रश्न: नवी पेठेत दुकान आहे, वय 61, गुडघे दुखतात म्हणून बॅटरीची सायकल घ्यावी म्हणतो. लायसन्स लागतं का?
(सम्राट चौक)

काका, मोटर 250 वॉटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि वजन 60 किलोच्या आत असेल तर लायसन्स नको, नंबर प्लेट नको. दुकानदाराकडून हे आकडे लेखी घ्या, कारण सायकल म्हणून त्याहून दांडगी गाडी पण विकतात. बॅटरी निघणारी घ्या, दुकानात आत सावलीत नेता येते, उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, आधी थंड होऊ द्या. गुडघ्यांबद्दल डॉक्टरांना विचाराच, पण त्याआधी सीटची उंची बघा, वर लिहिलीय तशी. खाली सीट ठेवून चालवल्यानेही गुडघे दुखतात.

प्रश्न: मी आयटीआय करतोय आणि वर्कशॉपला सायकलवर जातो. दोन्ही चाकांच्या मधल्या हबवर रंगीत ब्रश, तारांना मणी, दोन आरसे आणि चाकात निळी एलईडी लावलीय. मित्र म्हणतात हे जुनं झालं. तुम्हाला कसं वाटलं?
(विडी घरकुल)

फार आवडली! हबवरचे ते ब्रश मी पण खूप वर्षांनी बघितले, फिरत फिरत हब चकचकीत ठेवतात, गंज धरत नाही, म्हणजे शोभेला शोभा आणि कामाला काम. आरसे तर दोन्ही ठेव, आपल्या रिक्षांच्या गर्दीत मान न वळवता मागचं दिसलं पाहिजे. मणी खुळखुळतात त्याने पुढच्याला कळतं की कोणीतरी येतंय.

फक्त निळी एलईडी चाकात राहू दे पण तिच्या भरवशावर राहू नको, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ती बाजूनेच दिसते, सरळ मागून दिसतच नाही. मागच्या मडगार्डला लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर, पुढे पांढरा दिवा, आणि पायडलच्या दोन्ही कडांना चमकणारी पट्टी चिकटव, ती वर-खाली हलते त्यामुळे लांबूनच सायकल आहे हे कळतं. पट्टीचा एक छोटा रोल पुष्कळ दिवस जातो, उरलेली मित्रांच्या सायकलींना लाव.

पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना टायरच्या बाजूचा आकडा आणि फ्रीव्हीलचे दात मोजून लिहा, आणि फोटो चेनच्या बाजूने काढा, म्हणजे नेमकं सांगता येतं.