दोन्ही कुत्र्यांना गोचिड्या झाल्या, मग एकच एवढा आजारी का?

तुम्ही विचारलंय की घरात दोन कुत्रे, दोघांच्या अंगावर गोचिड्या निघाल्या, एकाचं हिमोग्लोबिन ४ वर आलं आणि दुसरा मस्त जेवतोय, तर आजारी कुत्र्याला इम्युनिटी बूस्टर द्यावं का. नका देऊ, कारण या आजारात (बबेसिया, म्हणजे गोचीड चावून रक्तात शिरणारा परजीवी) कुत्र्याची स्वतःची इम्युनिटीच खूपदा त्याला आडवं पाडते.

माझ्या काळूला बबेसिया गिब्सोनी झाला होता (हा बबेसियाचा एक प्रकार, आपल्याकडचा जुनाच, १९१० ला मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात पहिल्यांदा सापडलेला). त्याचा ओठ वर करून बघितलं तर हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या, आणि लघवी कोऱ्या कॉफीच्या रंगाची. पण स्मिअरमध्ये (काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघितलेल्या रक्तात) परजीवी शोधून शोधून एखाद-दुसराच दिसत होता, म्हणजे एवढ्याशांनी इतकं रक्त संपवलं कसं? तर हा परजीवी लाल पेशीत शिरून ती फोडतो हे आहेच, पण शरीर जी अँटिबॉडी बनवतं ती धडधाकट लाल पेशींनाही चिकटते आणि मग प्लीहा त्यांनाही सरसकट मोडीत काढते, प्लेटलेटही पडतात, आणि दाह हाताबाहेर गेला की बीपी पडून किडनीपर्यंत जातं.

बबेसिया कुठल्या प्रकारचा यावरपण खूप आहे. वोगेली हा प्रकार मोठ्या कुत्र्यात बहुतेकदा सौम्य असतो, पिल्लांना मात्र जड जातो, आणि साउथ आफ्रिकेतला रॉसी तर भयंकर. म्हणून नुसतं ‘टिक फिव्हर’ ऐकून घरी येऊ नका, पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी रक्ताची टेस्ट) करायला सांगा, सोबत एर्लिकिया (गोचिडीतूनच येणारा जिवाणू) पण बघायला सांगा, कारण दोन्ही एकदम असू शकतात. वोगेलीला इमिडोकार्बचं इंजेक्शन चालतं पण गिब्सोनीवर ते कमी पडतं, तिथे ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन १० दिवस देतात, आणि ॲटोव्हाक्वोन तुपातल्या खाण्यासोबत द्यायचं तरच अंगी लागतं. स्टिरॉइड मनाने सुरू करू नका, त्याने इम्युनिटी दबली की परजीवी परत डोकं वर काढतो.

आता तो दुसरा. तो चांगला दिसतोय म्हणजे सुटला असं नाही, त्याच्या शरीराने परजीवी मारला नसेल, नुसता दाबून ठेवला असेल, असे कुत्रे वर्षानुवर्षं कॅरियर राहतात. आजारी कुत्र्याला रक्त द्यायची वेळ आली की घरातलाच दुसरा आहे ना असं सगळ्यांनाच वाटतं, मलाही वाटलेलं, पण टेस्ट केल्याशिवाय त्याचं रक्त अजिबात देऊ नका. गिब्सोनी चावाचावीतूनही पसरतो, तेव्हा सध्या दोघांना वेगळं ठेवा. आणि गोचीड भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते, त्या फटी बुजवा, नुसतं कुत्र्याला औषध लावून भागणार नाही.

पण ते नंतर, आधी ब्लड डोनर शोधा, हिमोग्लोबिन ४ वर उद्यापर्यंत थांबू नका.